कुत्र्याच्या वर्षापर्यंत पुरेल इतकं

लाम्पांगच्या त्या कारखान्यात खाम्पानने जितके कोंबडे भाजले तितके साऱ्या मुलखातल्या खाटकांनी मिळूनही कापले नसतील. कोंबडे अर्थात वाडग्यांवरचे. काळी शेपटी, तांबडं अंग, शेजारी एक गुलाबी फूल. बायका ते कच्च्या वाडग्यांवर रंगवायच्या आणि खाम्पान ते भट्टीत घालून पक्के करायचा. भट्टीचा मुकादम म्हणून त्याची उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. भुवया तर पहिल्याच वर्षी जळाल्या आणि पुन्हा उगवायच्या फंदात पडल्या नाहीत, त्यामुळे आत्ताच कुणीतरी काहीतरी नवल सांगितलंय असा त्याचा चेहरा कायम दिसायचा.

बावन्नावं सरलं आणि त्याच्या मनानं घेतलं की आता पुरे. गुडघे आपले आहेत तोवर घरी बसावं. लिचीच्या जातीच्या लोंगानच्या झाडाला झोळी बांधावी, वांग नदीत गळ टाकावा, मासा लागला तर बरं, नाही लागला तर त्याहून बरं, साफ करायचा त्रास वाचला. एवढंच स्वप्न. पण ते परवडेल का, हे काही केल्या कळेना.

गाठीला पैसे होते. कारखान्याचा फंड होता, बाजारात भाड्याने दिलेली एक खोली होती, लोंगानची बाग होती. बोटांवर तो बेरीज करायचा आणि दर वेळी एकाच जागी अडायचा. पुरवायचं किती वर्षं? सत्तरीला गेलो तर मागे उरतं. नव्वदीपर्यंत रेंगाळलो तर शेवटी मिठाशी चिकट भात खायची पाळी. माणूस मरणार कधी एवढं एक कळलं, की बाकी सगळं तोंडी सुटतं.

दुसऱ्या गावात लोक अशा वेळी उसासा टाकून कामाला लागतात. आमच्या गावात चिंचेखाली सेंग ज्योतिषी बसतो.

"बोल," सेंग म्हणाला. त्याच्या समोर चटई, चटईवर पत्ते, पत्त्यांवर त्याची मांजर.

"मी कधी मरणार?"

सेंगने मांजर उचलून बाजूला ठेवली. "लोक इथे येतात ते लॉटरीचा आकडा विचारायला."

"आकडा लागला असता तर हे विचारायची गरजच नव्हती."

हे सेंगला पटलं. त्याने जन्मवेळ विचारली, हात बघितला, खडूने पाटीवर चौकोन आखले आणि पुसले. मग सहज, आज भाजीला काय आहे ते सांगावं तसं सांगितलं, "कुत्र्याचं वर्ष. पावसाळा सरता सरता. त्रास नाही व्हायचा."

"नक्की?"

"माझी दक्षिणा जितकी नक्की, तितकं."

आपलं मरण कळल्यावर माणसाचे पाय लटपटावेत. खाम्पान मात्र इतका खूष झाला की शंभर बाथ जास्त देऊन निघाला. कुत्र्याचं वर्ष नुकतंच सरलं होतं आणि हत्तीचं लागलं होतं, म्हणजे बारा प्राण्यांच्या बारा वर्षांचं अख्खं चक्र फिरून पुढचं कुत्र्याचं वर्ष यायला भरपूर अवकाश होता. आणि तेवढ्या अवकाशाला पैसे पुरत होते. नुसते पुरत नव्हते, नेमके बसत होते, भट्टीच्या फळीवर शेवटचा वाडगा बसावा तसे. बाजारातली खोली मधे कधीतरी विकायची, बाग शेवटी शेवटी. सागाची शवपेटी, तीन दिवसांचं जेवण, वाजंत्री, सगळं त्यात आलं. घरच्या थोंग कुत्र्याचं खाणंसुद्धा त्याने धरलं.

दुसऱ्या दिवशी राजीनामा. कारखान्याची मालकीण सूचिन, बारीक डोळ्यांची, चिनी घराण्यातली. तिने विचारलं, "कंटाळलास का रे?"

"नाही मालकीण. पुरलं मला."

"मला अजून पुरलं नाही, आणि माझी दोन दुकानं आहेत," ती म्हणाली आणि निरोपाला सहा वाडगे बांधून दिले.

त्या संध्याकाळी तो बायकोजवळ बोलला. बायको फिकुन. तीही त्याच कारखान्यातली. कोंबड्याचं अंग कुणीही रंगवायचं, पण डोळा काढायचा तो फिकुननेच. एक टिंब, आणि कोंबडा जागा व्हायचा. असे लाखभर डोळे काढता काढता तिचे स्वतःचे मंद झाले. आता तिला माणूस दिसायचा तो धुक्यातून आल्यासारखा, आणि ओळखायची ती चालण्याच्या आवाजावरून. डोळे गेले तसं कामही गेलं. फंड वगैरे तिला नव्हताच, वाडग्यामागे मजुरी होती.

जेवण चाललं होतं. चिकट भात, हिरव्या मिरचीचा ठेचा, उकडलेली वांगी. खाम्पानने सेंगचं सगळं सांगितलं, मग मांडणी सांगितली, खोली, बाग, पेटी, वाजंत्री.

फिकुनच्या बोटांत भाताचा गोळा तसाच राहिला. "आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? त्यानंतर मी नाहीच."

"आणि मी?"

भुवया नसलेला तो चेहरा आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच नवलाने भरला. "तू बहिणीकडे जाशील ना?"

"बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे."

"मग खोलीचं भाडं..."

"खोली तुम्ही आत्ताच विकलीत. बागही विकलीत." तिने गोळा ताटात ठेवला. "थोंगचं धरलंत म्हणालात ना?"

"त्याचं धरलंय."

"बरं केलंत. भुकेला राहिला असता बिचारा."

खाम्पानने घाईघाईने सावरायचा प्रयत्न केला. "अगं, त्यात काय एवढं? उद्या सेंगकडे जाऊन तुझंही वर्ष विचारून येतो. दोन्ही एकदम मांडून टाकू."

"माझं वर्ष कुणाला विचारायचं नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुम्हाला ते कळलं की त्या दिवसापासून तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघाल, ती मला नको. मला फारसं दिसत नाही, पण ते दिसेल."

ती भांडली नाही. सकाळी उठून विहारात गेली आणि नवऱ्याचं आयुष्य वाढवून घ्यायचा विधी ठरवून आली.

हा विधी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन काठ्यांची तिपाई उभी करतात, तिच्यातून पांढरा दोरा सगळ्यांच्या डोक्यांवर फिरवतात, भन्ते सुत्त म्हणतात. नशीब फारच वाईट निघालं असेल तर शवपेटीतही झोपवतात. आधी डोकं पश्चिमेला, अंगावर पांढरं कापड. जुना माणूस मेला. मग भन्ते म्हणतात, फिरा. आतल्या आत वळून डोकं पूर्वेला करायचं आणि त्या बाजूने उठायचं. नवा माणूस जन्मला. वळणं महत्त्वाचं. न वळता उठलं तर काय होतं हे कुणी सांगत नाही, कारण तोवर कुणी तसं उठलं नव्हतं.

त्या दिवशी सुट्टीचा वार, त्यामुळे पेटीपुढे ही रांग. बायकोचं मन मोडायला नको म्हणून खाम्पान भरपेट जेवून आलेला. चपला काढून तो पेटीत आडवा झाला. फिकुनने कापड ओढलं. तिला कापडाची कड सापडेना, तेव्हा ती बराच वेळ चाचपत राहिली. आत अंधार, गारवा, बाहेर पठणाची एकसुरी गुणगुण. भट्टीच्या माणसाला असा गारवा कुठे मिळतो? तो झोपला. मेल्यासारखा झोपला.

भन्ते म्हणाले, फिरा. पेटीतून घोरणं ऐकू आलं. भन्ते पुन्हा म्हणाले. मग विहाराच्या कारभाऱ्याने पेटीच्या फळीवर थापा मारल्या. "ओ, उठा, मागे लोक खोळंबलेत."

खाम्पान दचकून उठला आणि आला त्याच बाजूने, पश्चिमेच्या, बाहेर पडला. कारभाऱ्याने बघितलं, पण रांग मोठी होती. भन्तेंचे डोळे मिटलेले होते. फिकुनचे उघडे असून उपयोग नव्हता. भन्तेंनी पाणी शिंपडलं आणि शंभरीचा आशीर्वाद दिला.

बाहेर आल्यावर चपला मिळेनात. "नेल्या कुणीतरी," खाम्पान म्हणाला आणि अनवाणीच घरी आला. अंग भलतंच हलकं वाटत होतं. कापसाचा बोळा होऊन झोळीत पडावं तसा तो पडला आणि दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर येईपर्यंत उठलाच नाही.

पुढचे दिवस त्याने ठरवलेलं सगळं केलं. झोळी, नदी, गळ. मासाही लागला. पण कशातच चव नव्हती. ठेचा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येईना. थोंग कुत्रा त्याच्या पायाशी यायचा, हुंगायचा आणि कुणाला तरी शोधत दाराकडे जाऊन बसायचा. शिवाय त्या शंभरीच्या आशीर्वादाचं कुसळ आत रुतून बसलं होतं. पैसे कुत्र्याच्या वर्षापर्यंतचे आणि आयुष्य शंभरीचं. बायकोने प्रेमाने त्याला भिकेला लावलं होतं.

मग एका दुपारी भट्टीवरचा सिंखाम बागेत आला. सिंखाम म्हणजे तोंडाळ माणूस, भट्टीपेक्षा त्याची जीभ जास्त तापलेली. पण त्या दिवशी तो फाटकाशीच थबकला आणि झोळीतल्या खाम्पानकडे बघत राहिला.

"दादा, तुम्ही इथे कसे?"

"घर आहे माझं. कुठे असू?"

"आत्ता तुम्हाला भट्टीपाशी सोडून आलोय."

"दारू प्यायलास का?"

"अजून नाही. आता पिणार." सिंखाम झाडाला टेकला. "दादा, थट्टा नको. राजीनामा देऊन चार दिवस झाले नाहीत तोच तुम्ही परत आलात. बोलणं नाही, चालणं नाही. खुर्चीवर बसून भट्टीकडे बघता. आम्ही म्हटलं, घरी करमत नसेल. जवळ बसलं की गार वारा येतो, तेव्हा उलट बरंच वाटतं. भट्टीशेजारी गार वारा कुणाला नकोय?"

खाम्पान झोळीत उठून बसला. "पायात काय असतं?"

"चपला. तुमच्याच. डाव्या पट्ट्याला तार बांधलेल्या."

झाडावरचे रातकिडे त्या भर दुपारी किरकिरत होते ते एकाएकी थांबले, की खाम्पानलाच ऐकू येईनासे झाले, कोण जाणे.

सिंखामने आणखी एक सांगितलं. खुर्चीवरचा तो बसायला लागल्यापासून भट्टीतून निघणाऱ्या वाडग्यांवरचे कोंबडे डोळे मिटलेले निघतात. आत जाताना टक्क जागे, बाहेर येताना गाढ झोपलेले. मालकीण आधी घाबरली होती. मग बँकॉकच्या व्यापाऱ्याने त्यातले शंभर मागवले, मग हजार, तेव्हा तिची भीती गेली. आता ती म्हणते, खाम्पान असाच हवा होता, गप्प आणि बिनजेवणाचा.

सिंखाम गेल्यावर खाम्पान घरात आला. फिकुन वांगी भाजत होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"तुला भीती नाही वाटली?"

"भीती पहिल्या दिवशी वाटली." ती निखाऱ्यावर वांगं फिरवत राहिली. "पेटीतून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या वेळेला फाटकाशी चपला वाजल्या. तारेचा तो टिकटिक आवाज. इतक्या वर्षांची सवय, मी उठून डबा भरला आणि नेऊन हातात दिला. हात बर्फासारखा होता. आत येऊन बघते तर तुम्ही झोळीत घोरताय."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुमचंच तोंड. तुमचाच हात. रोज डबा देते. संध्याकाळी फाटकावर भरलेला परत मिळतो, पण चव गेलेली असते. देवापुढचा नैवेद्य उचलल्यावर जशी जाते तशी."

खाम्पान जमिनीवर बसला. मग त्याच्या हिशेबी डोक्यात एक गोष्ट आली, आणि तीच आधी आली याची त्याला स्वतःलाच लाज वाटली. "म्हणजे पगार चालू असेल."

"चालू आहे."

"माझ्या खात्यात तर आला नाही."

"माझ्या आला," फिकुन म्हणाली. "मालकीण म्हणत होती, तो सबंध महिन्यात दोनच शब्द बोलला. फिकुनच्या नावावर."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऊन डोक्यावर असताना खाम्पान कारखान्यात गेला. पोरीबाळी अंगणात जेवत होत्या. कुणी त्याला हात जोडले, कुणी नजर चुकवली. भट्टीच्या छपराखाली त्याची जुनी वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत तो होता.

भुवया नसलेलं तेच तोंड. गुडघ्यावर हात ठेवायची तीच ढब. फक्त, भट्टीची धग समोर असून त्याच्या कपाळावर घाम नव्हता, दव होतं. थेंब थेंब हनुवटीवरून खाली पडत होतं आणि जमिनीला लागायच्या आत वाळत होतं.

"बस," तो म्हणाला. आवाज खाम्पानचाच, पण न भाजलेल्या वाडग्यावर टिचकी मारली की जसा बद्द निघतो तसा.

खाम्पान बसला नाही. "इथे का येतोस?"

"तू येत नाहीस म्हणून."

"मला पुरेसं आहे. मी मांडलंय."

"ती मांडणी आता माझी आहे. कुत्र्याचं वर्ष पेटीत माझ्याजवळ राहिलं. तुला मिळालं त्या आयुष्याला शेवट लिहिलेला नाही."

"मग तू झोप ना. मेलेल्यानं झोपावं."

"झोपणार होतो." त्याने हळूच मान वळवली. "पेटीत तू डोळे मिटून घेतलेस, मी उघडे ठेवले होते. ती कापड ओढत होती. कड सापडत नव्हती तिला. माझ्या तोंडावरून हात फिरवत होती, इकडून तिकडे. म्हटलं, कुत्र्याच्या वर्षानंतर हिला कड शोधून कोण देणार? तिच्या वाटणीचे पैसे टाकून झाले की झोपेन."

आपल्याला जे सुचायला हवं होतं ते आपल्याच प्रेताला सुचलं, याचं खाम्पानला वाईट वाटलं, आणि थोडा मत्सरही वाटला.

"किती लागेल तिला?" त्याने विचारलं.

"ते मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तिचं वर्ष. असं पेटीत मरून पडलं की सगळ्यांची वर्षं कळतात. मालकिणीचं, त्या पोरींची. कोंबडे बहुतेक म्हणूनच डोळे मिटतात, त्यांना बघवत नसेल." दवाचा एक थेंब पडला. "सांगू? आत्ता इथेच मांडणी होईल. कदाचित तुला पुन्हा कामावर यावंही लागणार नाही. उद्यापासून झोळी. कदाचित म्हातारा होईपर्यंत यावं लागेल. पण एकदाचं कळेल."

खाम्पानच्या ओठांवर हो आलं होतं. खोटं कशाला सांगू, जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यभर त्याला जे हवं होतं ते पुढ्यात होतं, फुकट, आणि सेंगपेक्षा खात्रीचं.

तेवढ्यात सिंखाम हातात थंडगार चहाची पिशवी हलवत, शीळ घालत समोरून गेला. खुर्चीवरच्याने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. जत्रेत हरवलेलं आणि अजून आपण हरवलोय हे न कळलेलं लेकरू असावं, त्याच्याकडे बघावं तसं. सिंखामची शीळ पुढे गेली. खाम्पानच्या पाठीतून मात्र कळ उतरली. त्या नजरेत सिंखामचं वर्ष होतं. त्याला ते वाचता आलं नाही, पण ते लांबचं नव्हतं एवढं दिसलं. आता तो सिंखामच्या थट्टेला पूर्वीसारखा कधी हसू शकणार नव्हता.

फिकुन म्हणाली होती ती नजर ही.

"नको," खाम्पान म्हणाला.

"मग मांडणार कसं?"

"नाही मांडत. मी येतो कामावर."

"किती वर्षं?"

"ते मला काय माहीत?"

खुर्चीवरच्याच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आता बाकीच्यांसारखं बोलायला लागलास," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर जोर देत उठला. त्याचेही गुडघे वाजले.

दोघे भर बाजारातून विहाराकडे निघाले. पुढे अनवाणी खाम्पान, मागे टिकटिक करत चपला. चिंचेखालच्या सेंगने वर बघितलं, एकदा पुढच्याकडे, एकदा मागच्याकडे. मग मांजर काखेत मारली, चटई गुंडाळली आणि पत्ते तिथेच टाकून जो गेला तो कापणी होईपर्यंत सासुरवाडीहून परतला नाही.

विहारात तेव्हा गर्दी नव्हती. फिकुन आधीच येऊन बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपली आली होती. भन्तेंनी दोघांकडे बघितलं, फार बघितलेल्या माणसासारखा एक श्वास सोडला आणि कारभाऱ्याला म्हणाले, "या वेळी थापा मारू नकोस."

खाम्पान पेटीत झोपला. डोकं पश्चिमेला. शेजारी गारवा येऊन पसरला. ती पेटी एकाच्या मापाची, तिच्यात दोघे मावले ते कसे हे त्या दोघांनाच ठाऊक. फिकुनने कापड घेतलं आणि या वेळी आतून कुणीतरी कड वर उचलून तिच्या बोटांत दिली. कोणी दिली ते खाम्पानला कळलं नाही. त्याचे हात छातीवर जोडलेले होते.

भन्ते म्हणाले, फिरा.

तो वळायला लागला. अंधारात गुडघा गुडघ्याला लागला, दाढीचे खुंट गालाला घासले, आपलेच खुंट, बर्फासारखे. क्षणभर त्याला वाटलं की आता आपण वळतोय की तो वळतोय हे कधीच कळणार नाही. मग कानाशी तो बद्द आवाज आला.

"हल्ली डब्यात मीठ कमी असतं. सांग तिला."

आणि शेजारची जागा मोकळी झाली.

खाम्पान पूर्वेच्या बाजूने उठला तेव्हा उन्हाने डोळे दिपले, आणि दिपल्याचं दुखलं, म्हणजे बरं झालं होतं. पेटीजवळ त्याच्या चपला होत्या. पाय घातले तर आत विहिरीचं पाणी भरल्यासारखा गारठा. तो गारठा पुढे सबंध उन्हाळाभर निघाला नाही.

फिकुनने त्याचा हात चाचपून बघितला, कोमट होता. तिने तो सोडला नाही. मग म्हणाली, "जेवायचं थांबलंय."

त्या रात्री ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाचं त्याने सांगितलं. फिकुन म्हणाली, "मेल्यावरही नावं ठेवायची सोडली नाहीत," आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यात चिमूटभर जास्त घातलं.

खाम्पान कामावर परत गेला. मालकीण खट्टू झाली, कारण त्याने भट्टी लावली त्या दिवशी कोंबड्यांनी डोळे उघडले आणि बँकॉकच्या व्यापाऱ्याने मागणी मागे घेतली. खोली त्याने विकली नाही. बाग फिकुनच्या नावावर केली. झोळी बागेत आहे, सुट्टीच्या दिवशी तो तिच्यात पडतो. लोक विचारतात, दादा, आता कधी थांबणार? तो म्हणतो, बघू. पूर्वी त्याला या शब्दाची चीड होती.

पुढच्या पावसाळ्यात सिंखाम गेला. खाम्पान त्याच्या पेटीशी बसून खूप रडला, इतरांपेक्षा जास्त, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

झोपलेल्या कोंबड्यांचा एक वाडगा घरात राहिला आहे. फिकुन रोज त्यात भात वाढते. कधी कधी वाफेत वाटतं की तळाच्या कोंबड्याची एक पापणी किंचित उचलली आहे आणि तो फिकुनकडे बघतो आहे, खुर्चीवरच्याच्या त्याच नजरेने. फिकुनला ते दिसत नाही. खाम्पानला दिसलं असतं, पण तो भात भरेपर्यंत वाडग्यात बघतच नाही.